लंबूला काढले तेव्हा

मी एक जुना माऊस आहे, मित्रांनो, आणि तोही शेपटीवाला. कारखान्यातून खोक्यात बसून निघालो तो थेट या घरातल्या खिडकीजवळच्या टेबलावर आलो. सुरुवातीला माझे फार लाड झाले. आता डावे बटण झिजले आहे, पोटाखाली मळाचा थर बसला आहे आणि कोणाला त्याचे काही पडलेले नाही.

माझी उमेदीची वर्षे बेसबॉलमध्ये गेली. खरे मैदान मी पाहिलेले नाही. इंटरनेटवरच्या एका खेळात आमचा संघ होता. तो दोघे मिळून चालवत: चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारे बाबा आणि त्यांची मुलगी. धाकट्या भावामुळे, छोटूमुळे, तिला सगळे घरच ताई म्हणते.

दर हंगामाआधी नवे होतकरू खेळाडू निवडायचे असत. प्रत्येकाच्या नावापुढे तारे असत. आज तो कसा खेळतो याचे नव्हे, तर पुढे किती वाढेल याचे. संघाने नेमलेला पारखी ते देई. तीन ताऱ्यांखालच्या पोराकडे बाबा ढुंकूनही पाहत नसत. एकदा मात्र ताईने हट्टाने दोन ताऱ्यांचा एक उंच पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला आणि त्याचे नाव लंबू ठेवले.

"अगं, जागा फुकट घालवलीस," बाबा म्हणाले.

"बाबा, तारे म्हणजे पारख्याचा नुसता अंदाज. आणि आपला पारखी नवशिका! त्याला काय कळतंय?"

"तू वकीलच हो!" बाबा हसले आणि लंबू राहिला. त्याच्या चेंडूंवर समोरचे यथेच्छ हात धुऊन घेत. तरी शाळेतून आली की ताई आधी त्याचीच कामगिरी बघायची. तेव्हा तिची बोटे इतकी हलकी पडत की मला गुदगुल्या होत.

एका संध्याकाळी बाबा माझ्यावर हात ठेवून आईशी बोलत होते. ताई दप्तर घेऊन दारात उभी होती, ते त्यांना दिसले नाही.

"ताईचं पोहणं बंद करू या. इतके दिवस झाले, वेग वाढतच नाही. तिच्यात तेवढा वाव नाही. त्यापेक्षा छोटूला घालू. दोघांना नेणं मला झेपत नाही."

"अहो, पण तिला आवडतं."

"नुसतं आवडून काय होतंय?"

ताई आल्या पावली मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी तिने लंबूची कामगिरी पाहिलीच नाही. मला सरळ 'काढून टाका'वर नेले. खेळाने विचारले, नक्की ना? हा खेळाडू परत मिळणार नाही. माझे बटण पुष्कळदा दगा देते. त्या दिवशी ते पहिल्याच दाबाला लागले.

"लंबू कुठे गेला गं?" बाबांनी रात्री जेवण्याआधी विचारले.

"काढला."

"का? परवा तर बरा खेळला की."

"त्याच्यात तेवढा वाव नव्हता."

बाबांचा हात माझ्यावर तसाच राहिला. मग ते म्हणाले, "ताई, उद्या सकाळी पोहायला जाऊ या हं. तू आणि मी."

"मला उठवू नका, बाबा. छोटूला न्या."

आता रोज सकाळी बाबा तिच्या खोलीच्या दाराशी जातात, थोडा वेळ उभे राहतात आणि परत येतात. मला फार वाईट वाटते.

लंबूसाठी ती भांडली होती, मित्रांनो. स्वतःसाठी एक शब्द बोलली नाही. तुम्ही बोला. खूप भांडा.