सरस थंडा होण्याआधी

गोविंदाने व्हायोलिन कानाशी धरलं आणि बोटाच्या पेराने त्याच्या पोटावर टकटक केलं. आतून भुंगा अडकल्यागत खरखर आली. त्याने थोडं खाली पुन्हा टकटक केलं. पुन्हा भुंगा.

"आतली पट्टी सुटली," तो म्हणाला.

समोर बसलेल्या संघदीपचा चेहरा उतरला. तो पहाटेच्या एसटीने मारेगावहून लोहाऱ्याला आला होता. व्हायोलिन त्याच्या वडिलांचं, धम्मरत्नचं. गोविंदानेच ते त्याला बनवून दिलं होतं, दोघांचेही केस काळे होते तेव्हा. आता धम्मरत्न खाटेला खिळला होता आणि गायन पार्टीत त्याच्या जागी संघदीप बसत होता.

"मंग खोला न काका. अशोका विजयादशमीले कार्यक्रम हाये. बाबा म्हनते, मले खाटेसकट उचलून न्या, पन आयकू द्या."

गोविंदाने व्हायोलिन मांडीवर आडवं घेतलं आणि निजलेल्या लेकरावर ठेवावा तसा त्यावर पंजा ठेवला.

"हे मी खोलत नसतो. भितीवर टांगलं हाये ते घेऊन जाय. नवं हाये."

"त्याच्यात हा आवाज नाई न काका."

"म्हनूनच त खोलत नाई."

संघदीपला काही उमगेना. दाराशी उभ्या असलेल्या ममताला उमगलं. ती गोविंदाची लेक. दिवसा एमआयडीसीतल्या कंपनीत दारांचे पल्ले घासायची, उरल्या वेळात बापाच्या टिनाच्या शेडमध्ये त्याच्या हाताखाली राबायची. लाकूड घासायची, चिकटवायचा सरस शिजवायची तिला मुभा होती. सुरी आणि पटाशी मात्र गोविंदा कोणाच्या हाती देत नसे.

त्या घराची एक रीत होती. गोविंदाचा आजा उकंडा आरागिरणीवर कामाला होता. एका जलशाचं फुटकं व्हायोलिन सांधता सांधता तो बनवायलाही शिकला. पोटाला शिवणीचं लाकूड, पाठीला सागवान. पहिलं बनवलं ते मुकंच निघालं. दुसऱ्याचं पोट, म्हणजे वरची फळी, चिकटवायला घेतलं, तर जेवायला हाका मारून दमलेली त्याची बायको रुक्माबाई तिथे आली आणि व्हायोलिनच्या त्या उघड्या पेटीवर ओणवी होऊन कडाडली, "भाकर थंडी होऊन राह्यली!" उकंडाने धसक्याने तसंच पोट बसवून टाकलं. ते व्हायोलिन असं गोड वाजलं की तेव्हापासून रीतच पडली. पेटी बंद करताना घरच्या माणसाने आत काहीतरी बोलायचं. बनवणाऱ्याने तेवढं बाहेर जाऊन उभं राहायचं. त्याने ऐकलं तर बोल त्याच्या कानातच राहतो, लाकडात उतरत नाही. आणि काय बोललो, ते कोणी कोणाला सांगायचं नाही.

धम्मरत्नच्या व्हायोलिनमध्ये गोविंदाची बायको कांताबाई बोलली होती. तेव्हा ती नवी नवरी होती. गोविंदा बाहेर निंबाखाली उभा होता आणि ती आत बोलतच होती. मग पदराने तोंड दाबून, हसत बाहेर आली. तो जन्मभर विचारत राहिला, ती जन्मभर हसत राहिली.

तिला जाऊन काही पावसाळे झाले होते. फोटो होता, लुगडी होती. आवाज कुठे नव्हता. फोनवर ती 'हव, ठेव' याच्यापुढे कधी गेलीच नाही. असलाच तर तिचा आवाज या पेटीत होता.

"बाबा," ममता म्हणाली, "माय असती त काय म्हनली असती?"

"तिले मधात नको आनू."

"तीच त मधात बसली हाये, भुंगा होऊन. वाजवू देते का कोनाले?"

संघदीपने हसू गिळलं. गोविंदाला मात्र ते गिळता आलं नाही, आणि तिथेच त्याचा हट्ट ढिला पडला.

त्याने पातळ सुरी कोमट पाण्यात बुडवली आणि पोटाच्या सांध्याला लावली. सुरी घसरून कडेचा रंग खरवडला गेला. त्याने हात झटकला, श्वास धरला, पुन्हा लावली. पुन्हा घसरली. मग थोडा वेळ तो सुरीकडे नुसता पाहत राहिला आणि मान न वळवता त्याने ती मुठीच्या बाजूने लेकीपुढे केली.

"धर. जोर नको देऊ. सरस आपसूक वाट देते."

ममताने सुरी कशी धरावी हे विचारलं नाही. पाण्यात बुडवत, थांबत, ती सांध्यासांध्याने पुढे गेली. शेवटी टक् झालं आणि पोट सुटलं.

गोविंदा घाईने ओणवा झाला. त्याने उघड्या पेटीला कान लावला. जुन्या सरसाचा वास आला, शिवणीच्या भुश्याचा आला. बाकी काही नाही.

"गेला," तो म्हणाला.

मग ममता म्हणाली, "गेला कसा? इतकी वर्सं वाजलाच न तो. गावोगावच्या लोकायच्या कानात हाये."

"आमच्या बाबाच्या त हायेच," संघदीप हळूच म्हणाला.

तो दुपारच्या गाडीने परत गेला. नवी पट्टी ममतानेच घडवली. कंपनीतून आली की ती पट्टी तासायची, बोटाने वाजवून पाहायची, पुन्हा तासायची. गोविंदा बाजूला बसून राहायचा. एका संध्याकाळी तिने पेटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने पट्टीवरून अंगठा फिरवला, पोट उलटंसुलटं करून ऐकलं. चूक सापडली की तो हमखास घसा खाकरायचा. त्या संध्याकाळी त्याने घसा खाकरला नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने सरस तापवला, पेटीच्या कडांना भराभर लावला, पोट हाताशी घेतलं.

"चला बाबा, बाहेर जा तुम्ही. मी बोलतो."

गोविंदा जागचा हलला नाही.

"जा न. तुम्ही आयकाचं नसते."

"मी काहून जाऊ?" तो म्हणाला. "तू जाय."

"मी?"

"बनवनाऱ्यानं आयकाचं नसते."

ममता हातात पोट घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने ते त्याच्यापाशी ठेवलं, सरसाचे हात ओढणीला पुसले आणि बाहेर निंबाखाली जाऊन उभी राहिली. पाठमोरी.

आतून गोविंदाचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते. मधेच तो थांबायचा, कोणी काही विचारल्यासारखा, आणि पुन्हा सुरू व्हायचा. एकदा तर तो चक्क हसला. ममताने कानांवर हात ठेवले. बऱ्याच वेळाने काढले, तर तो बोलतच होता.

"बाबा," शेडकडे न वळता ती ओरडली, "सरस थंडा होऊन राह्यला!"