पाऊण इंच

मी ओळंबा. गवंड्याच्या पिशवीत थापीखाली पडलेला पितळी गोळा. दोरीला बांधून खाली सोडलं की थोडा झुलतो, मग थांबतो. थांबलो की भिंत सरळ आहे की नाही ते सांगतो. मला गोड बोलता येत नाही. शिकायचंही नाही.

नाशकातल्या एका तांबटाने मला घडवलं. १९९१ साली कोंडाजी गवंडी दुकानात आला आणि एकेक ओळंबा दोरीला लावून बघत बसला. दुकानदार कंटाळला.

"बाबा, सोनं घेतोयस का?"

"सोनं वाकडं असलं तरी चालतं," कोंडाजी म्हणाला आणि मला पिशवीत टाकलं.

माझ्यासोबत एक लाकडी ठोकळा असतो. माझी जाडी तेवढीच त्याची. दोरी त्याच्या मधोमध ओवलेली. गवंडी ठोकळा भिंतीला वर टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. आम्ही दोघं सारखे असलो तरच हे खरं, म्हणून कोंडाजी रोज सकाळी आम्हाला तळहातावर शेजारी ठेवायचा आणि दोघांवरून बोट फिरवायचा. मग डोळे मिटून म्हणायचा, "प्रभू, आजचा थर सरळ ठेव. मलापण ठेव."

त्याच्या बापाने बाप्तिस्मा घेतला होता, पण पोराचं नाव कोंडाजीच ठेवलं. कुणी त्यावरून बोललं की कोंडाजी हसायचा. "नावानं वाट चुकत नाय. पाय चुकतात."

गंगापूर रोडचे कितीतरी बंगले आम्ही उभे केले. एका ठेकेदाराने त्याला सांगितलं, "कोंडाजी, इतकं काय बघतोस? आत राहणारे काय ओळंबा लावणार आहेत?" कोंडाजीने भांडण केलं नाही. मला पुन्हा एकदा खाली सोडलं, बस. मला तो माणूस आवडायचा तो यासाठीच.

२००१ च्या पावसाळ्यानंतर त्याच्या गावात, निफाडच्या बाजूला, ख्रिस्ती मंडळीने ख्रिस्तमंदिर बांधायला घेतलं. तोवर उपासना द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये व्हायची, खोके सरकवून. नाताळच्या उपासनेला बिशपसाहेब येणार, असं मंडळीच्या पंचांचे सेक्रेटरी शांतवन मास्तर यांनी पत्र लिहून ठरवून टाकलं. गवंडीकाम कोंडाजीकडे आलं. त्या आनंदात तो दोन दिवस नीट जेवला नाही.

तीन भिंती छान चढल्या. चौथीच्या आधी माझा ठोकळा तडा जाऊन उलला. कोंडाजीने द्राक्षाच्या खोक्याची फळी घेऊन नवा कापला. नजरेनेच. त्या सकाळी त्याने गुडघे टेकून फार वेळ प्रार्थना केली. डोळ्यांतून पाणी आलं. उठला आणि थेट परांचीवर चढला. तळहात उघडला नाही, बोट फिरवलं नाही. प्रभूचं घर आहे, प्रभूचा हात आहे, मग चुकेल कसं, असं त्याच्या मनात असावं. प्रार्थना झाली म्हणजे मापही झालं, असं तो समजला. पुढचे सगळे दिवस तसंच चाललं.

नवा ठोकळा माझ्यापेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाड होता; दोरी मधोमध, म्हणून चूक एका सुताची. मी काय करणार? मला ज्याच्या बरोबरीने धरलं, त्याच्याच मापाने मी लटकलो. परांची आतल्या अंगाला होती. मी भिंतीला शिवावं म्हणून दर दोन फुटांना भिंत एकेक सूत बाहेर सरकत गेली. कोंडाजी वर गाणी म्हणत होता.

बारा फूट झाल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे वर खिळा ठोकून मला थेट तळापर्यंत सोडलं. वारा होता, म्हणून खाली पाण्याची बादली ठेवून मला तीत बुडवलं. मी लवकर थांबलो. त्याने टेप लावला. वर दोरीपासून भिंत चार इंच. खाली सव्वातीन.

त्याने टेप पुसला आणि पुन्हा लावला. खिळा काढून दुसरीकडे ठोकला, मग तिसरीकडे. ओठ हलत होते. "प्रभू, वाट दाखव," म्हणत होता, पण त्याला दुसरी वाट हवी होती. मी तिन्ही ठिकाणी तेच सांगितलं.

मग तो खाली बसला. ठोकळा आणि मला तळहातावर शेजारी ठेवलं, बोट फिरवलं. बोट अडकलं.

"विचारत व्हतो रोज," तो हळू म्हणाला. "ऐकत नव्हतो."

नाताळला नऊ दिवस होते. शांतवन मास्तर सायकलवरून आले, तर कोंडाजी वरच्या विटा काढत होता.

"कोंडाजी, खाली उतर आधी. काय चाललंय?"

"भिंत पाडतोय, मास्तर."

"किती गेलीय?"

"पाऊण इंच."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "गिलाव्यात निघून जाईल की. पाऊण इंचानं काय देव बाहेर पडतो?"

"देव नाय पडत. वर छपराखालचा त्रिकोण चढायचाय, मग पत्र्याचं वजन. भिंत पडंल एखाद दिवशी."

"बिशपसाहेबांना काय सांगू मी? आणि लोक काय म्हणतील? यापुढे मंडळीचं एक काम तुला मिळणार नाही, लिहून ठेव."

"नका देऊ. गिलावा लोकांसाठी हाय, मास्तर. मी प्रभूला वाट विचारली आन् त्यानं दाखवली. आता आवडली नाय म्हणून दुसरी कुठून आणू?"

मास्तरांनी पंचांना आणलं. एकाने हात जोडले, एक ओरडला. कोंडाजी ऐकत राहिला आणि वीट काढत राहिला. तेवढ्यात त्याची बायको ठमाबाई भाकरी घेऊन आली.

"पाडा, पण जेवून पाडा," ती म्हणाली. "उपाशी माणसाचा हात वाकडा पडतो." मग पदर खोचून निघालेल्या विटांचा चुना-सिमेंट खरवडायला बसली. पंच परत गेले.

नाताळपर्यंत भिंत छातीइतकीच चढली. वर पत्रे नव्हते. निफाडची थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. लोक घोंगड्या पांघरून बसले. बिशपसाहेब काही बोलायच्या आधी कोंडाजी उठला. तो चारचौघांत कधी बोलत नसे.

"ही भिंत माझ्यामुळं राहिली. मास्तरांचा दोष नाय. मी प्रार्थना केली आन् माप घेतलं नाय. देवाला वाट विचारायची आन् डोळे मिटूनच चालायचं, असं केलं मी. तुम्ही करू नका."

एवढं बोलून तो खाली बसला. मागून कुणीतरी हसलं. मास्तर मान खाली घालून गाण्याचं पुस्तक चाळत राहिले. भिंत फेब्रुवारीत पुरी झाली. मंडळीने पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, घराचं काम दुसऱ्याला दिलं. कोंडाजीने एका शब्दाने तक्रार केली नाही आणि भिंत पाडल्याची माफीही मागितली नाही.

आता २००८ चाललंय. कोंडाजीचे हात थरथरतात, काम सुटलं. गेल्या महिन्यात नवे पंच घरी आले. मला चकचकीत घासून, लाल फीत बांधून वेदीशेजारी टांगायचं म्हणाले. कोंडाजीच्या खरेपणाची साक्ष म्हणून. ठमाबाईला बरं वाटलं. कोंडाजीने मला पिशवीतून काढून तळहातावर घेतलं.

"शोभेला नाय देणार," तो म्हणाला. "मंदिरामागं पोरांच्या शाळेची खोली चढतीय ना? तिथं लावा. रोज लावा."

मलाही तेच म्हणायचंय. मला हार घालू नका. माझ्यापुढे डोळे मिटून उभे राहू नका. भिंतीशी धरा, आणि मी तुम्हाला नको ते सांगितलं तर दोरी दुसरीकडे बांधून बघू नका. बांधलीत तरी मी तेच सांगेन.

उद्या सकाळी मी शाळेच्या भिंतीवर आहे. येऊन टेप लावा.