टेबलाच्या पायातलं विष

रविवारी सकाळी लंडनमधल्या पिनरच्या चर्च हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी चपला-बुटांचा ढीग, आत पुष्करनाथ महाराज आणि सगळ्यांसमोर खुर्चीत उघड्या खांद्याने बसलेला मी, मुरलीधर. तीस वर्षं हॅरोच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला, आणि इथल्या मराठी मंडळात अंधश्रद्धेवर दोन व्याख्यानं झोडलेला.

महाराजांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हळदीत बुडवून वाळवलेली फडकी ठेवली. डाव्या खांद्यावर एका गडूतलं पाणी शिंपडलं, फडकं पिवळंच राहिलं. उजव्यावर दुसऱ्या गडूतलं तीर्थ शिंपडलं आणि फडकं लालभडक झालं. सभागृहाने श्वास रोखला. त्यात मीही होतो, हे लाजेने सांगतो.

"विष आहे," महाराज म्हणाले. "पाच रविवारांत उतरेल. डॉक्टरांना दिसत नाही, कारण डॉक्टर मशीनने बघतात."

डॉक्टरांना दिसत नव्हतं, हे धडधडीत खोटं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २००५ साली, माझा झिजलेला उजवा खांदा काढून धातूचा सांधा बसवला होता. सहा महिने हात छान वर जात होता. मग आतून ठणका सुरू झाला. ताप नाही, सूज नाही. हॉस्पिटलात श्रद्धा नावाची तरुण डॉक्टर भेटली, ग्लासगोत जन्मलेली, मराठी आईची मुलगी.

"काका, ताप नाही म्हणून इन्फेक्शन नाही असा नसतो," ती म्हणाली. "हा जर्म आपल्या स्किनवरच राहतो, खांद्याजवळ जास्त. खूप स्लो आहे. सुईने फ्लुइड काढू, लॅबमध्ये दोन वीक्स ठेवू. पॉझिटिव्ह आला तर मेटल काढावा लागेल."

मला पुढचं काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा ऑपरेशन या शब्दाचीच मला भीती वाटली होती. ती दोन आठवडे मागत होती, महाराज दोन मिनिटांत निकाल देत होते. मी हॉस्पिटलची अपॉइंटमेंट रद्द केली. घरी सांगितलं की त्यांनीच पुढे ढकलली.

दर रविवारी फडक्याची लाली कमी होत गेली. पाचव्या रविवारी ते पिवळंच राहिलं. टाळ्या पडल्या. मी महाराजांना हार घातला, डाव्या हाताने, कारण उजवा वर जात नव्हता. तरीही आपण बरे झालो आहोत असं मला मनापासून वाटलं. खांद्याच्या पुढच्या बाजूला टाक्यांच्या जुन्या व्रणातून दोन दिवस पिवळसर पाणी झिरपत होतं, ते मी अर्धवट सरकवलेल्या शर्टाखाली झाकलं होतं.

सोमवारी माझी बायको अर्चना कपडे भिजवत होती. तिने मला हाक मारली. "अहो, इकडे या. तुमचं विष बादलीत सापडलं."

प्रसाद म्हणून घरी आणलेलं ते बरं झालेलं फडकं साबणाच्या पाण्यात लालभडक झालं होतं. तिने त्यावर लिंबू पिळलं, ते पुन्हा पिवळं झालं. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे मराठी घरात कोणाला सांगावं लागत नाही. मी तर दर सप्टेंबरला अकरा वर्षांच्या मुलांकडून हाच प्रयोग करून घ्यायचो. तीर्थ म्हणजे धुण्याच्या सोड्याचं पाणी, आणि दर रविवारी सोडा थोडा कमी. तीस वर्षं शिकवलेलं मला आठवलं नाही, कारण मला ते आठवायचं नव्हतं.

मग अर्चनाने माझा शर्ट बाजूला करून व्रण पाहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसून रडली. मी त्याच दुपारी हॉस्पिटलला फोन केला.

पुढच्या रविवारी खुर्चीत गुडघा दुखणाऱ्या अरुणाताई होत्या. त्यांचं फडकं लाल झालं तशी अर्चना उठली. "महाराज, आमच्या टेबलाचाही पाय दुखतो," असं म्हणून तिने आपलं हळदीचं फडकं टेबलाच्या पायाला बांधलं आणि कोणी अडवायच्या आत त्याच गडूतलं तीर्थ त्यावर ओतलं. फडकं लाल झालं. लिंबू पिळलं, टेबल बरं झालं. महाराजांनी अश्रद्धेच्या लहरींबद्दल काही सांगायला सुरुवात केली, पण लोक हसत होते. अरुणाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अर्चनाकडे आमच्या डॉक्टरांचा फोन नंबर मागितला.

लॅबमध्ये ठेवलेल्या माझ्या खांद्यातल्या पाण्यात अकराव्या दिवशी जंतू वाढले. सांधा काढला, तीन महिने औषध भरलेला सिमेंटचा गोळा बसवला, मग नवा सांधा. श्रद्धा एकदाही रागावली नाही. मी वेळेवर आलो असतो तर स्नायू जास्त वाचले असते, एवढंच तिने मी विचारल्यावर सांगितलं.

यंदा मंडळाने मला अंधश्रद्धेवर तिसरं व्याख्यान द्यायला बोलावलं. मी म्हणालो, चमत्कार दिसला की तो आधी टेबलाच्या पायावर करून बघा. आणि भीती वाटली तर ती डॉक्टरांना सांगा, कारण बाबा त्या भीतीवरच जगतो. मग विचारलं, "भीतीपोटी ज्यांनी तपासणी टाळली आहे, त्यांनी हात वर करा."

कोणीच हात वर केला नाही. म्हणून आधी मी केला, उजवा. तो हनुवटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग मागच्या रांगेतून एकेक हात वर येऊ लागला.