पाणी लागलं तेव्हा

राहीबाईला कायम उद्याची धास्ती असायची. बहात्तरच्या दुष्काळात ती जास्तच वाढली. पारनेरजवळच्या त्या वाडीत ख्रिस्ती घरं चारच. रविवारी सायकलवरून पाळक यायचे. प्रभू माणसाला आजच्या दिवसातच भेटतो, तू मात्र तिथं कधी सापडतच नाहीस, असं ते एकदा तिला म्हणाले होते. तिला राग आला होता. पाळकांना तीन पोरी न्हाईत, असं तिनं घरी नवऱ्याला, कचरूला, ऐकवलं होतं.

कचरू गावाची विहीर खोल करायच्या कामावर होता. चैत्रातल्या एका सकाळी सुरुंग उडवून झाले. फुटलेला दगड भरायला तिघं खाली उतरले आणि वरची मुरमाची कड ढासळली. दोघं दगड वर ओढायच्या यारीच्या दोराला धरून कसेबसे वर आले. कचरू बसल्या जागी कमरेपर्यंत गाडला गेला.

राहीबाई धावत आली तेव्हा मुकादम आसाराम काठावर पालथा पडून खाली बघत होता. कड अजून सुटतेय, जड माणूस उतरला तर सगळीच खाली येईल, असं त्यानं सांगितलं. पारनेरला मदतीसाठी माणूस धाडला होता, ती येईतोवर थांबण्यावाचून इलाज नव्हता.

तेवढ्यात खालून कचरूचा आवाज आला.

"पानी लागलंय."

साऱ्या गावानं वर्षभर ज्याची वाट पाहिली होती, ते पाणी. आता तेच कचरूला बुडवणार होतं.

राहीबाईनं पदर खोचला. तिच्याइतकं हलकं माणूस तिथं दुसरं नव्हतं. आसाराम नको म्हणत होता, पण ती यारीच्या टोपल्यात बसलीसुद्धा.

खाली पाणी गढूळ आणि गार होतं. कचरूचा डावा पाय एका मोठ्या दगडाखाली अडकला होता, बाजूला कामाची पहार पडली होती. ती भोवतालचे धोंडे उचलून टोपल्यात टाकू लागली. टोपलं भरलं की वर जाई, रिकामं होऊन खाली येई. वरून मुरूम भुरभुरत होता. ह्यांचं काही झालं तर? पोरींना घेऊन भावाच्या दारात किती दिवस राहायचं? धाकटीचं कसं होईल? ती भानावर आली तेव्हा हातात धोंडा तसाच होता आणि पाणी कचरूच्या छातीला लागलं होतं.

"राही," कचरू म्हणाला, "पोरींना सोनईला तुझ्या भावाकडं ने. शेळी..."

"गप ऱ्हावा. त्ये समदं उद्याचं हाय. हितं प्रभू हाय, तुमी हाय आन् ह्यो दगुड हाय. पहार धरा."

मग गढूळ पाण्यात चाचपताना तिला फक्त दगड कळू लागला. त्याची धार, त्याखालची फट, पहारेचं टोक कुठं शिरेल ती जागा. कचरूचा श्वास तिला ऐकू येत होता. पाठीवर खडे पडत होते, पण ती वर बघत नव्हती. मनातल्या मनात ती प्रभूचं नाव घेत होती आणि हात चालूच होते.

पाणी त्याच्या गळ्याशी आलं. दोघांनी मिळून पहार दाबली. पाण्यानं खालचा मुरूम सैल झाला होता. दगड कुशीवर वळला आणि पाय सुटला.

टोपल्यात बसवून, दोर काखेतून बांधून तिनं त्याला वर पाठवलं. टोपलं परत येईपर्यंत ती गुडघ्यावर हात टेकून पाण्यात उभी राहिली. ती काठावर आली आणि थोड्याच वेळात मागं सगळी कड विहिरीत कोसळली.

नगरच्या दवाखान्यात कचरूचा पाय घोट्यापासून कापावा लागला. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या राहीबाईची जुनी धास्ती परत आली. तिनं ती येऊ दिली. आपल्याला ती कायमची सोडून जाईल असं तिला वाटलंही नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर कचरूनं विचारलं, "आता कसं व्हायचं?"

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली. मग तिनं बशीत चहा ओतला, फुंकर घालून थोडा निववला आणि बशी त्याच्या ओठांशी धरली.