माळ्यावरचं मडगार्ड

जाहिरात टाकून तास झाला नव्हता, तोच फोन वाजला. "चेव्हेल गाडी विकायची आहे ना? एकोणसत्तरची? कुणाला हात लावू देऊ नका. मी निघालोच."

आर्लीनला नवल वाटलं. गाडी होती ती नावापुरतीच. अंगणातल्या गॅरेजमध्ये इंजिन स्टँडवर, दरवाजे भिंतीला टेकलेले, सीटा माळ्यावर. तिचा नवरा मर्ल तीस वर्षं ती 'दुरुस्त करत' होता. होत आली की पुन्हा सगळी खोलायचा. गावातले चिडवायचे, "काय मर्ल, या जन्मी रस्त्यावर येणार का?" मर्ल कधीच हसायचा नाही.

गेल्या वर्षी त्याला पक्षाघात झाला आणि वाचा गेली. आता दोघं मुलीजवळ टोलिडोला राहायला जाणार होती. गाडी विकतेय म्हटल्यावर सकाळी त्याने अंड्यांची बशी डाव्या हाताने भिरकावली होती. जीव अडकलाय बिचाऱ्याचा, असं तिला वाटलं.

दुपारी माणूस आला. साठीचा, इस्त्रीचा शर्ट, नाव रॉस डेव्हनी. इंजिनाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. थेट पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवा बसला.

"हे मडगार्ड बदललंय. कधी?"

"मला नाही बाई कळत त्यातलं."

स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक सुरू झाली. मर्ल खुर्चीतून काचेवर बोटं आपटत होता.

"तुमचे मिस्टर?"

"हो. बोलता येत नाही त्यांना."

"ऐकू येतं?"

"सगळं येतं."

"बरं झालं," रॉस म्हणाला.

त्याने खिशातून चाकू काढला तशी आर्लीन दोन पावलं मागे सरली. त्याने दाराच्या बिजागरीमागचा राखाडी प्रायमर खरवडला. खालून हिरवा रंग निघाला. तो कितीतरी वेळ त्यावर अंगठा फिरवत राहिला.

"पेगी, माझी बहीण," तो हळू आवाजात म्हणाला. "एक्क्याण्णवचा ऑक्टोबर. कामावरून सायकलने घरी येत होती. गाडी थांबलीसुद्धा नाही. पोलिसांना तिच्या कोटावर हिरवा रंग सापडला आणि दिव्याची काच, एकोणसत्तरच्या चेव्हेलची. तेव्हापासून या भागात विकायला निघालेली प्रत्येक चेव्हेल मी बघून येतो, बाई. ही एकेचाळिसावी."

एक्क्याण्णवचा ऑक्टोबर. लग्नाला सहा महिने झाले होते. इंजिन बसलं म्हणत मर्लने गाडीवर ताडपत्री टाकली होती, आणि त्या रात्री जेवला नव्हता.

गाडीचा काढलेला एकही भाग मर्लने कधी टाकला नव्हता. ती माळ्याची शिडी चढली. सीटांच्या मागे, छपराच्या कोपऱ्यात, गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. गोधडी तिच्या आईने लग्नात दिलेली. हरवली म्हणून ती तेव्हा किती रडली होती, आणि मर्लने तिच्याबरोबर सगळी कपाटं शोधली होती. तिने गाठ सोडली. आत मडगार्ड होतं, हिरवं, दिव्यापाशी चेपलेलं.

"काही सापडलं का?" खालून रॉसने विचारलं.

"वर या," ती म्हणाली. "हात लावू नका. पोलिसांना मीच बोलावते."

फोन स्वयंपाकघरात होता. ती आत गेली तेव्हा मर्लचा हात मांडीवर पडला होता.

"उतरून बघितलंस तरी का रे तिला?" तिने विचारलं.

मर्लने डोळे मिटून घेतले. आर्लीनने त्याच्याकडे पाठ केली आणि नंबर फिरवला.