फुटाण्याला ढेप

पंजाबरावांच्या पायाला भिंगरी होती. धामणगावाजवळच्या मळ्यात ती खपून जायची. वांग्याला पाणी, म्हशींचं दूध, बाजाराची गाडी. दिवस कुठे जायचा कळायचं नाही. पण बायको तानुबाई वारली, म्हशी विकल्या आणि जीवननं बापाला अकोल्याला आपल्या घरी आणलं. तेव्हापासून ती भिंगरी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गच्चीवर फिरत होती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. पंजाबराव सुनेच्या घरातल्या नळाच्या तोट्या घट्ट करत फिरायचे, आणि त्या नादात एक तोटी त्यांनी मोडूनही ठेवली होती. सून सीमा तहसीलीत नोकरीला. ती त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि तिचं हे न बोलणंच म्हाताऱ्याला फार लागलं. त्यांनी दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. जाणार कुठे? मळ्यातल्या गोठ्यात आता रिकामे खुंटेच उरले होते.

घरात जनावर म्हणून एकच होतं, नातीचा ससा. अंगानं करडा, एका कानावर पांढरा ठिपका. उडताना तव्यावरच्या फुटाण्यासारखा उडायचा म्हणून प्रतीक्षानं त्याचं नाव फुटाणा ठेवलं होतं. पोरगी सातवीत, पण सशाला तिनं शिस्त लावली होती. शी-शू कोपऱ्यातल्या टबातच. स्टीलची वाटी वाजली की तो पलंगाखालून पळत यायचा आणि तिच्या मांडीला नाक घासायचा.

"आबाजी, त्याले उचलाचं नाई," ती बजावायची. "कान तं बिलकुल धराचे नाई. खाली बसाचं, वाटी वाजवाची अन् चूप राहाचं. त्याचं त्याले येऊ द्याचं."

पंजाबराव बसायचे, वाटी वाजवायचे. पण चूप राहणं जमेल तर शपथ! ससा दोन उड्या पुढे आला की हे गुडघा बदलायचे, नाहीतर हात पुढे करायचे. फुटाणा मागचा पाय फरशीवर धाडकन आपटून पलंगाखाली पसार व्हायचा.

"पाय आपटते लेकाचं माह्यावर!" पंजाबरावांना हा अपमान सहन व्हायचा नाही. मारक्या म्हशीनं ज्याच्या हाताखाली निमूट पान्हा सोडावा, त्या माणसाला हे वीतभर जनावर विचारत नव्हतं.

मे महिन्यात प्रतीक्षाला खो-खोच्या शिबिराला अमरावतीला जायचं होतं. निघताना ती वाळलेल्या गवताची मोठी पिशवी घेऊन आजोबांसमोर उभी राहिली.

"मम्मीले ऑफिस हाय, बाबा तं इसरून जाते. तुमीच पाहा फुटाण्याले. गवत भरपूर, मेथी मूठभर, अन् थंडं पाणी. दुसरं काईच नाई."

"अवं, जनावर पाळ्याचं तू मले शिकवतं का?" पंजाबराव म्हणाले, पण आतून सुखावले. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणी त्यांना काम दिलं होतं.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना सशाची दया आली. हे वाळकं गवत म्हणजे नुसता कडबा. कडब्यावर कोणतं जनावर अंग धरतं? त्यांच्या म्हशींना सरकीची ढेप, तेल काढून उरलेली पेंड, मिळायची, म्हणून तर त्यांची कातडी चकाकायची. पाय शिवशिवतच होते. भर उन्हात बाजारात जाऊन त्यांनी ढेप आणली, पाण्यात भिजवली आणि वर गूळ कुस्करला.

त्या वासानं फुटाणा वाटी न वाजवताच बाहेर आला. आजोबांच्या तळहातावरून त्यानं भराभर खाल्लं. त्याच्या मिशा बोटांना गुदगुल्या करत होत्या. पंजाबराव हरखून गेले. नात महिनोन्‌महिने वाटी वाजवत बसली, आणि इथे एका दिवसात जनावर हाताशी आलं! संध्याकाळी त्यांनी पुन्हा ढेप दिली, थोडी जास्तच.

सकाळी फुटाणा कोपऱ्यात पाठ कुबडी करून बसला होता. गवताला तोंड लावलेलं नव्हतं. पंजाबरावांनी टबात डोकावलं. टब कोरडा, स्वच्छ. एकही लेंडी नाही. शेण बंद झालेलं जनावर काय असतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागले. मेथी समोर धरली, पाणी धरलं, पुन्हा येरझाऱ्या.

तेवढ्यात फोन वाजला. प्रतीक्षाच होती.

"आबाजी, फुटाणा कसा हाय?"

"मजेत हाय. उड्या मारून राह्यला."

शब्द तोंडातून गेले आणि पंजाबरावांचं तोंड कडू झालं. मागे सीमा उभी होती, खांद्याला पर्स लावून, ऑफिसला निघालेली. तिनं सशाकडे पाहिलं, मग तळाला ढेप चिकटलेल्या वाटीकडे.

"मामाजी, हे काय देल्लं त्याले?"

"ढेप. अशक्त वाटला मले."

सीमानं ऑफिसात उशिरा येते म्हणून कळवलं, सशाला टोपलीत घातलं, वर ओला पंचा टाकला आणि सासऱ्यांना स्कूटीवर मागे बसवलं. ऊन सकाळीच तापलं होतं. टोपली मांडीवर धरून पंजाबराव वाटभर पुटपुटत राहिले, "दम धर बापा, दम धर."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सशाचं पोट चाचपलं. "ढेप म्हशीला चालते, आजोबा. याला नाही. आतडं थांबलंय. मी औषध देते. सिरिंजनं पाणी पाजत राहा, पोट हलक्या हातानं चोळा आणि याला एका जागी बसू देऊ नका, चालतं ठेवा. लेंड्या पडल्या तर वाचला समजा."

ज्या हातांचा त्यांना उभा जन्म गर्व होता, त्याच हातांनी हे केलं होतं.

सीमा ऑफिसला गेली आणि पंजाबराव कामाला लागले. ससा दोन उड्या मारायचा आणि फतकल मारायचा. हे वाकून त्याच्या ढुंगणाला हलकेच बोट लावायचे, "चाल बापा." पुन्हा दोन उड्या. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मिरवणूक चालली होती. मधेच पाणी, मधेच पोट चोळणं. सीमानं झाकून ठेवलेलं ताट तसंच राहिलं.

ऊन उतरता उतरता ती परतली. म्हाताऱ्याचा अवतार पाहून म्हणाली, "प्रतीक्षाले काई सांगू नका, मामाजी. मी बी नाई सांगत. पोरीचा जीव हाय त्याच्यात." ती भल्यासाठीच बोलत होती. पण पंजाबरावांना त्यानं आणखीच जड वाटलं.

दिवेलागणीला सोफ्याजवळ फरशीवर काहीतरी काळं दिसलं. मिऱ्यांएवढ्या तीन लेंड्या. सवयीनं सीमानं झाडू उचलला.

"झाडू नोको!" पंजाबराव ओरडले. "राहू दे तशाच. पाहू दे मले!"

आणि मग सासरा आणि सून, दोघंही ओणवे होऊन त्या तीन लेंड्या पाहत बसले. आधी सीमाला हसू फुटलं, मग त्यांना. फुटाणा टोपलीमागे जाऊन गवताची एक काडी चावू लागला.

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा येणार होती. सकाळीच पंजाबरावांनी पिशवी भरून दारात ठेवली. खरं सांगितल्यावर पोरगी आपलं तोंडही पाहणार नाही, आणि न सांगता या घरात राहणं त्यांना जमणार नव्हतं.

तिनं बूटही काढले नव्हते, तोच ते पुढे झाले. "पोरी, म्या त्याले ढेप देल्ली होती. मरता मरता वाचला. फोनवर खोटं बोललो तुह्याशी."

प्रतीक्षाचा चेहरा पडला. ती सशाजवळ जाऊन बसली. त्याचं पोट चाचपलं, टब पाहिला, गवत पाहिलं. पंजाबराव दार ते खिडकी, खिडकी ते दार करत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"सकाळचं गवत तुमीच टाकत जा," ती एकदम म्हणाली, वर न पाहता. "मले पहाटे प्रॅक्टिसले जा लागते."

"म्या? ढेप देल्ली तरी?"

"तुमी आता जन्मात नाई देणार. बाबाचं काई सांगता येत नाई." तिनं वाटी त्यांच्याकडे सरकवली. "अन् बसा ना आता खाली. तुमी सारखे फिरता म्हणून तो भेते."

पंजाबराव बसले. गुडघा ठणकला, पण त्यांनी तो बदलला नाही. वाटीवर एकदाच बोट वाजवलं आणि हात मांडीवर ठेवला. सीमानं दारातली पिशवी उचलली आणि काही न बोलता आत नेऊन ठेवली.