पेन्सिल मागितली होती

मेल्या मोठ्या सरांना शब्दांचाच तेवढा अर्थ कळतो, माणसाचा कळत नाही. मुकादमीण आजी हे वखारीत येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ऐकवायची. शेंगदाणे निवडणाऱ्या बायका माना खाली घालून हसायच्या. आजीच्या जिभेला धार होती, आणि ती धार आपल्यावर येऊ नये एवढीच सगळ्यांची इच्छा.

पण यावेळी आजी उगाच बोलत नव्हती.

शाळेत आधी एक बाई होत्या. मुलींसाठी पॅडची खोकी दर महिन्याला यायची, ती बाई स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवायच्या. "बाई, पेन्सिल द्या," असं एखादी म्हणाली की बाई कागदात गुंडाळलेली पुडी तिच्या हातात सरकवायच्या. या पोरी पेन्सिली खातात की काय, असं मुलांना वाटायचं. पुढे बाईंची बदली झाली. खोकी मोठ्या सरांच्या कपाटात गेली. शब्द मात्र त्यांना कुणी सांगितला नाही. सांगणार कोण?

आजीची नात ठकी नववीत होती. घरात इतकं शिकलेली ती पहिलीच. पोत्यांवरची नावं ती आजीला वाचून दाखवायची, आणि आजी अशी मान हलवायची जणू तिला ते आधीच ठाऊक होतं.

त्या दिवशी मोठे सर वर्गावर होते. ठकी उठली.

"सर, पेन्सिल हवी होती."

सरांनी खिशातली काढली, वर टोकही करून दिलं.

ठकी उभीच. "ही नाही सर. बाई द्यायच्या ती."

"पेन्सिलीत ही न् ती काय गं? सोन्याची हवी का तुला?"

सगळा वर्ग हसला. ठकी बसली ती बसलीच, मधल्या सुट्टीतसुद्धा हलली नाही. शाळा सुटल्यावर उठली, तेव्हा मागच्या बाकांवरच्या सगळ्यांनी तिचा स्कर्ट बघितला.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखत होतं. त्यानंतर डोकं. आजीनं आधी दटावलं, "पुरे झाली नाटकं!" मग गोंजारलं. शेवटी स्वतःच्या हातानं दप्तर तिच्या पाठीवर चढवलं आणि तिला दारापर्यंत नेलं. तिथे पोरीनं चौकट अशी घट्ट धरली की आजीनं दप्तर उतरवून घेतलं. तेव्हा कुठे ठकी बोलली, आणि आजीला सगळं कळलं. नाकावर माशी बसू न देणारी म्हातारी जमिनीवर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

आता ठकी वखारीत निवडायला येते. हात भलता चपळ.

"आजीवर गेलीय हो पोर!" बायका कौतुकानं म्हणतात. आजीला ते कौतुक निखाऱ्यासारखं पोळतं. हा हात तिला पोरीला द्यायचा नव्हता.

एका दुपारी मोठे सर वखारीच्या दारात सायकलवरून उतरले. शाळेतल्या शिपाईणीनं त्यांना पेन्सिलीचा अर्थ सांगितला होता. चेहरा उतरलेला.

"आजी, मला खरंच माहीत नव्हतं हो. आता मुलींच्या संडासाजवळ कपाट लावलंय, बिनकुलपाचं. जिला हवं तिनं घ्यावं, कुणाला विचारायला नको. ठकीला पाठवा. हुशार आहे ती."

"तिलाच विचारा की. ती काय बसलीय."

सर वाकले. "ठकी, येशील ना बाळा?"

ठकीचे हात थांबले नाहीत. खडे एका बाजूला, दाणे एका बाजूला. "नको सर. हे एवढं पोतं राहिलंय."

वखारीत कुणी हसलं नाही. सरांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि आजीकडे बघितलं. आता ही शिव्या घालेल म्हणून बायकाही हात थांबवून बसल्या. पण आजीचा आवाज चढला नाही.

"सर, तुम्ही वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुम्ही चांगले आहात. आता शाळेतल्या बाकीच्या पोरींचं भलं होईल, ते तुमच्यामुळेच. पण माझी पोर दोनदा बोलली होती. पहिल्यांदा तुम्हाला कळलं नाही, त्याला माफी. दुसऱ्यांदा तुम्ही विनोद केलात. त्याला नाही."